सुपडूनाना आणि एकावन्नावा पाट

सुपडूनाना कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसं मोजायचे. चप्पल काढायच्या आधी, राम राम म्हणायच्याही आधी. उंबऱ्यावर उभं राहून उजव्या हाताचं बोट हवेत टोचत टोचत ते शेवटच्या माणसापर्यंत जायचे आणि मग जाहीर करायचे, "एक कमी शे." ते एक म्हणजे गच्चीवर पापड राखणारं, नाहीतर रुसून माळ्यावर बसलेलं कुणीतरी असायचं. ते सापडेपर्यंत नाना आत पाऊल टाकायचे नाहीत. शिंदखेड्याकडच्या एका घरात म्हणे नानांनी "एक कमी शे" म्हटलं आणि घरच्यांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं की सगळे हजर आहेत. नाना उंबऱ्यावरून हलेनात. तेवढ्यात घरातल्या भरल्या दिवसांच्या सुनेला कळा सुरू झाल्या आणि तासाभरात आकडा जुळला. हे मला खुद्द त्या मुलाच्या काकानं सांगितलं. खोटं असेल तर पाप त्याच्या माथी.

नाना मूळचे नरडाण्याच्या बाजूचे, बोली अहिराणी, पण हयात जळगावात गेलेली. धंद्यानं वायरमन. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागं टेस्टर, आणि अंग म्हणाल तर कपाशी वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटीची काडी. मात्र त्या काडीत आवाज असा भरलेला, की एकदा नरडाण्याच्या लग्नात नानांनी वाढप्यांना "थांबा!" म्हणून हाक दिली, तर समोरच्या स्टेशनातून सुटलेली पॅसेंजर थांबली. गार्डानं खाली उतरून विचारलं, "काय झालं?" नाना म्हणाले, "वरण ऱ्हायनं." गार्ड जेवून गेला.

वायरमन ही नानांची पोटाची विद्या. कीर्तीची विद्या वेगळी होती. नाना पंगती बसवायचे. आता तुम्ही म्हणाल, पंगत काय बसवायची, माणसं आपापली बसतात. तुम्ही खानदेशातली लग्नं पाहिलेली नाहीत. आमच्याकडे बट्टी आणि वांग्याची भाजी कशी झाली याची चर्चा एक दिवस चालते. कोण कुणाच्या वर बसला याची तीन पिढ्या. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात, पण वरच्या टोकाला दहा पाट मांडलेले असतात, ते मानाचे. पहिल्या पाटासमोर देवाच्या नैवेद्याचं पान. त्याच्या शेजारी कोण बसणार, यावरून सोयरिकी मोडल्या आहेत. नाना म्हणायचे, "पंगतमा भूक नही बसस, मान बसस. उपाशी माणूस घर जास, अपमानी माणूस कोर्टमा जास."

म्हणून धुळ्यापासून वरणगावापर्यंत ज्याच्या घरी लग्न, तो आधी सुपडूनानांची तारीख घ्यायचा, मग भटजीची. स्वतः नाना मात्र जन्मात पंगतीत बसले नाहीत. सगळं उरकल्यावर चुलाण्याशेजारी उभ्यानं, एका हातात बट्टी आणि दुसऱ्या हातात मिरची घेऊन जेवायचे. कुणी बसा म्हटलं की म्हणायचे, "मी बसनू, की मना बी मान निंघी."

त्यांची रीत मी एकदा डोळ्यांनी पाहिली. धुळ्याचं लग्न. नवऱ्या मुलाला दोन मामा, एक सख्खा आणि एक मानलेला. दोघंही एकदमच पहिल्या पाटावर आले आणि टेकले. अर्धा अर्धा. एकाची पाठ दुसऱ्याच्या पाठीला, तोंडं दोन दिशांना, आणि दोघांचीही मांडी घट्ट. आता तीनशे माणूस पानावर, वरण निवत चाललेलं, यजमान रडकुंडीला. नाना आले, पाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाट एक, ढुंगणं दोन. यामा पाटना काय दोष?" मग छाती भरून हाक दिली, "बठ्ठा लोके उठा!"

तीनशे माणूस उठलं. आधीच घास उचललेल्यांनीसुद्धा हात आखडले. सगळे उभे आहेत म्हटल्यावर मामांनाही बसून राहणं बरं दिसेना, तेही उठले. त्या गडबडीत नानांनी नैवेद्याचं पान उचललं आणि दहा पाटांच्या बरोब्बर मधोमध नेऊन ठेवलं. म्हणाले, "आते एकेक बसा." देव मध्ये बसल्यावर त्याच्या दोन बाजूंना दोन मामा बसले. पहिला कोण आणि दुसरा कोण, याचा निकाल त्या जोडप्याची पोरं कॉलेजात गेली तरी लागलेला नाही.

माझी आणि नानांची गाठ पडली ती नव्वदचं दशक उतरणीला लागलं तेव्हा. मी जळगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, आणि शिकवत नसेन तेव्हा लोकांच्या घरी कॉम्प्युटर जोडून द्यायचो. गावात इंटरनेट नुकतंच आलेलं. फोनच्या तारेतून मांजर आणि कोंबडी भांडल्यासारखा आवाज यायचा आणि मग जग दिसायचं. भिंतीला भोकं पाडून वायर ओढायला मला माणूस हवा होता. नाना आले, क्लासमधली पोरं मोजली, एक कमी आहे म्हणाले, ते सिगारेट ओढताना जिन्याखाली सापडलं, आणि आमची भागीदारी सुरू झाली.

कॉम्प्युटरला नाना 'पेटी' म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, ह्या पेट्या एकाच वायरवर शेतस. मंग याना निरोप त्याले कसा जात नही?"

मी शिकवायच्या सुरात सांगितलं की प्रत्येक पेटीला एक नंबर असतो, चार तुकड्यांचा. पहिले तीन तुकडे सगळ्या घराचे सारखे, आडनावासारखे. चौथा ज्याचा त्याचा. एका घरात एक नंबर दोघांना देता येत नाही. दिला तर पेटी पाटी दाखवते की हा नंबर दुसऱ्या कुणाकडे आहे, आणि मागून आलेल्याचं काम बंद पाडते. पहिला नंबर बहुतेक त्या पेटीला देतात जिला फोन जोडलाय, कारण बाहेरचं सगळं तिच्यातून येतं-जातं.

नानांनी मान हलवली. "म्हणजे पंगतच शे. पहिलं पान देवनं." एवढं बोलून त्यांनी हातोडी उचलली. हाच धडा मी क्लासात तीन आठवडे शिकवायचो आणि तरी निम्मी पोरं नापास व्हायची.

आता मुख्य गोष्ट. जळगावात तोतारामभाऊ आणि लीलाधरभाऊ असे दोन सख्खे भाऊ होते. मूळचे असोद्याचे, केळीवाले. वडील, म्हणजे आबा, तीन वर्षांपूर्वी वारले होते. घर एक, अंगण एक, अंगणात एक कडुलिंब, धंदाही बाहेरून एकच. आतून मात्र थोरले तोतारामभाऊ खाली आणि धाकटे लीलाधरभाऊ वर, असा चुलीपर्यंत दुरावा आलेला. दिल्लीच्या बाजारातला केळीचा भाव रोज सकाळी ईमेलनं यायला लागला, तेव्हा दोघांनी एकेक कॉम्प्युटर घेतला. एकानं घेतला म्हणून दुसऱ्यानं घेतला, हे उघड आहे. फोन जिन्याखाली होता, म्हणून तिथं एक तिसरी पेटी ठेवून तिला फोन जोडला. नानांनी वर-खाली वायर ओढली, मी नंबर घातले. जिन्याखालच्या पेटीला एक, थोरल्यांना दोन, धाकट्यांना तीन.

दुसऱ्या दिवशी तोतारामभाऊंनी मला एकट्याला बोलावलं. दार लावून घेतलं. "मास्तर, मले दोन नंबर दिला तुम्ही?"

"हो भाऊ. का?"

"बाजारात चाळीस वर्षं सरळ धंदा केला मी. उद्या लोकं म्हणतील, तोताराम दोन नंबरवाला! हा बदलायचा कुठून ते दाखवा. मी माझा घालतो."

मी म्हटलं, पेटीलाच आपोआप नंबर वाटायला सांगू का, तशी सोय असते. ते भडकले. "माझ्या घरात मी कुठं बसायचं ते यंत्र सांगणार?" मी मुकाट्यानं नंबर बदलायची जागा दाखवली. दोन ते दोनशे चोपन्नपर्यंत काहीही घाला म्हटलं. त्यांनी पडद्याला आडवा धोतराचा सोगा धरला आणि मला भिंतीकडे तोंड करायला लावून नंबर घातला.

चहा पिऊन मी जिन्यापर्यंत आलो, तर वरून लीलाधरभाऊंची हाक. "मास्तर, तीन? तीन तिगाडा, काम बिगाडा! भाऊंनी सांगितलं ना तुम्हाला तीन द्यायला?" पुन्हा दार बंद, पुन्हा चहा, पुन्हा माझं तोंड भिंतीकडे. गिऱ्हाईक खूश, मी खूश. दोन घरचा चहा पिणाऱ्या माणसाची अक्कल कशी पातळ होते, ते मला त्यानंतर दोन दिवसांत कळलं.

दोघांनीही एकावन्न घातला होता.

आता जो आधी पेटी चालू करी त्याला दिल्लीचा भाव कळे. मागून येणाऱ्याच्या पडद्यावर इंग्रजी पाटी येई की नंबरात तंटा आहे, आणि त्याची पेटी वायरीवरून उठवली जाई. ती पाटी वाचून तोतारामभाऊ मला म्हणाले, "पाहा! यंत्राले पण कळलं, आमच्या घरात तंटा आहे म्हणून."

तिथून शर्यत सुरू झाली. तोतारामभाऊ नवाऐवजी आठाला पेटी लावू लागले. लीलाधरभाऊ सातला. मग दुधवाला यायच्या आधी. मग लीलाधरभाऊंनी पेटी बंद करायचंच सोडलं. त्यावर टॉवेल टाकून ठेवायचे, जणू एसटीतली जागा धरली आहे. तेव्हा तोतारामभाऊ खालचा मेन स्विच पाडू लागले. आणि त्यातून लोडशेडिंग! भर दुपारी वीज जाई, दोघंही आपापल्या खुर्चीच्या मुठी धरून बसत, आणि गल्लीत कुणी "आली!" म्हणून ओरडलं की वर आणि खाली एकदम खुर्च्या सरकत. गल्लीतली पोरं वीज आलेली नसतानाच "आली!" ओरडून मजा बघत. तोतारामभाऊंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांनी पेटीच्या बटणाला सुतळी बांधून ती झोपाळ्यापर्यंत आणली होती. दिल्लीत केळी काय भावानं चालली हे अख्ख्या जळगावाला ठाऊक असे, या दोघांना सोडून.

मी रोज जायचो. खाली जाऊन बावन्न करायचो, संध्याकाळपर्यंत परत एकावन्न. वर जाऊन त्रेपन्न करायचो, मी जिना उतरेपर्यंत एकावन्न. "भाऊ, दुसरा कुठलाही चालतो हो," मी काकुळतीला येऊन म्हणायचो.

"मग त्याला सांगा दुसरा घ्यायला," वरून उत्तर.

"लहान तो आहे. त्यानं उठावं," खालून उत्तर.

मला वाटलं, एकावन्न हा शकुनाचा आकडा, आहेराच्या पाकिटात घालतात तो, म्हणून दोघं चिकटलेत. 'का' हे मी दोघांपैकी एकालाही विचारलं नाही. मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस. मी फक्त कॉम्प्युटरला विचारत होतो.

आणि एक दिवस अंगणात विटा उतरल्या. ट्रॅक्टरभर.

तोतारामभाऊंची बायको, जिला सारं घर अक्का म्हणायचं, ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला म्हणाली, "मास्तर, तुमच्या त्या नंबरानं घर मोडलं पाहा. आखाजी झाली की भिंत घालताहेत. इथून, लिंबाखालून, पार मागच्या दारापर्यंत." आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधतात. त्या घरच्या चारही लेकी, दोन थोरल्याच्या, दोन धाकट्याच्या, त्याच लिंबाच्या एका फांदीला झोका बांधत आलेल्या. अक्का म्हणाली, "यंदाचा झोका शेवटचा. पुढच्या वर्षी पोरींनी पाय लांब केले की भिंतीवर आदळतील. पोरींना मी अजून कळवलं नाही."

मी तांदळातला एक खडा उचलून उगाच दूर फेकला.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना आले. माझ्या सांगण्यावरून नाही, तोतारामभाऊंनीच बोलावलेलं. भिंत व्हायची म्हणून वीज वेगळी करायची होती, आणि मीटरपासून वर जाणारी वायर तोडायची होती. कॉम्प्युटरची वायरही त्यातच. नाना उंबऱ्यावर उभे राहिले. मोजलं. थोरले, धाकटे, अक्का, धाकट्याची बायको, आदल्या दिवशी आलेल्या चार लेकी, मी. थोडा वेळ बोट हवेतच राहिलं.

"एक कमी शे," नाना म्हणाले.

"सगळे आहेत नाना," तोतारामभाऊ म्हणाले. "कापा वायर."

"कापस ना. वायर कापाले काय लागस? पक्कड लागस." नाना आत आले. "पण तंटा कसाना शे ते तरी माले दखाडा. मनी वायर शे ती. मराना आधी तिना आजार समजू द्या."

मी सगळं सांगितलं. एकावन्न, शर्यत, टॉवेल, सुतळी. नानांनी ऐकून घेतलं आणि तोच धुळ्याचा आवाज काढला, "बठ्ठा लोके उठा!"

झोपाळ्यावरचे तोतारामभाऊ उभे राहिले. जिन्यावर बसलेले लीलाधरभाऊ उभे राहिले. लेकी उभ्या राहिल्या. समोरच्या घरातले एक म्हातारबाबा पेपर वाचत होते, तेही उभे राहिले. मी तिन्ही पेट्या बंद केल्या.

"आते एकेक," नाना म्हणाले. मी जिन्याखालची पेटी लावली. "हाई देवनं पान. बसनं. आते मोठा भाऊ. तुम्हले एकावन्नच कसाले पाहिजे?"

तोतारामभाऊ लिंबाकडे बघू लागले.

"बरं. धाकला भाऊ, तुम्हले?"

लीलाधरभाऊ विटांकडे बघू लागले.

"मास्तर," नाना माझ्याकडे वळले, "पेटीले तुम्हीन महिनाभर इचारं. माणूसले एकदा तरी इचारं का?" मीही कुठंतरी बघायला जागा शोधू लागलो. नाना खाली बसकण मारून म्हणाले, "अक्का, पानी दे व. उन्हमा ऊनू मी."

अक्कानं तांब्या आणून दिला. नाना घटाघटा प्यायले, आणि रिकामा तांब्या हातात फिरवता फिरवता त्यांचं बोट थांबलं. पंगतीत शंभर घरची भांडी मागून आणतात आणि परत बिनचूक पोचवावी लागतात, त्यामुळे नानांचं बोट आपोआप भांड्याच्या बुडावरच्या नावाकडे जायचं. त्यांनी तो उपडा धरला. मग म्हणाले, "तहान नही गयी. वरना घरनं बी पानी आना."

धाकट्याची बायको वरून तांब्या घेऊन आली. नानांनी तो प्यायलाच नाही. पाणी लिंबाच्या मुळाशी ओतलं, तांब्या उपडा केला आणि दोन्ही तांबे शेजारी शेजारी, बूड वर करून, ओट्यावर ठेवले.

दोन्हींच्या बुडावर ठोक्यांनी एकच आकडा कोरला होता. ५१.

आबांचा सोसायटीतला सभासद नंबर. केळीचे घड गाडीत भरायचे तेव्हा कुठला माल कुणाचा हे कळावं म्हणून टोपलीवर घालायचा नंबर. आबांनी तो टोपल्यांवर घातला, बैलगाडीच्या साट्यावर घातला, बादल्यांवर, कढयांवर, आणि भांडी वाटून झाली तेव्हा त्यातला अर्धा वर गेला, अर्धा खाली राहिला.

मग लीलाधरभाऊच फिसकटले. "नव्या पाटीवरून यांनी आबांचा नंबर काढून टाकला. दुकानाची पाटी चकाचक केली, आणि नंबर गेला. मला वाटलं, हे विसरले. मग कुणीतरी चालवायला नको?"

"मी विसरलो?" तोतारामभाऊंचा आवाज फाटला. "अरे, पाटी रंगवणाऱ्याले जागा पुरली नाही! मी त्याच्याशी आठ दिवस भांडलो! म्हणून तर इथं घातला. म्हटलं, निदान रोज सकाळी पेटी लावली की आबा दिसतील."

"मग सांगायचं नाही का?"

"तू विचारलं का?"

"तुम्ही सुतळी ओढत बसले!"

"आणि तू टॉवेल टाकत बसला!"

भांडण मोठ्यानं चाललं होतं, पण ऐकणाऱ्याला कळत होतं की तीन वर्षांत ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलताहेत. नानांनी ते थोडं वाहू दिलं. मग म्हणाले, "मी आल्या आल्या सांगं ना, एक कमी शे. तुम्ही दोन्ही जण आबास्ना पाटवर बसी ग्यात. मंग आबा कोठे बसतीन?"

अक्कानं पदर तोंडाला लावला. तोतारामभाऊ झोपाळ्यावर बसले आणि झोपाळा हलवायचं विसरले.

बाकीचं पाच मिनिटांचं काम. एकावन्न नंबर कुणालाच द्यायचा नाही, तो आबांचा, रिकामा राहील. त्याच्या अलीकडे पन्नास, तिथं थोरले. पलीकडे बावन्न, तिथं धाकटे. पन्नास आधी येतो म्हणून तोतारामभाऊ खूश. बावन्न मोठा असतो म्हणून लीलाधरभाऊ खूश. दोघांनी आपापली पेटी एकदम लावली. कुठलीही पाटी आली नाही. दिल्लीचा भाव वर आणि खाली एकाच वेळी आला आणि तो इतका पडलेला होता, की दोघांच्या तोंडून एकच शिवी एकाच वेळी निघाली. घर परत एक झाल्याची मी तीच खूण धरली.

"मग वायर?" तोतारामभाऊंनी हळूच विचारलं.

"पक्कड इसरनू मी," नाना म्हणाले. पक्कड त्यांच्या खिशातून हातभर बाहेर डोकावत होती.

आखाजीला पितरांची घागर भरतात. त्या दिवशी आबांची घागर खालच्या देवघरात भरली गेली, दोन्ही सुनांनी मिळून. लिंबाला झोका बांधला. विटा पडूनच होत्या. त्यांचा पुढं लिंबाभोवती गोल पार झाला, आणि त्यावर बसून दोघं भाऊ पारासाठी सिमेंट कुणी जास्त आणलं यावरून वर्षभर भांडले. पण ते एकाच पारावर बसून.

नाना त्याच वर्षीच्या थंडीत गेले. आजार असा नाही. एका लग्नातून परत आले, घरातली माणसं मोजली, सगळी भरली म्हणाले आणि झोपले ते उठलेच नाहीत. आकडा जुळल्यावर थांबायचं नाही, हा त्यांचा नेमच होता.

उत्तरकार्याला अर्धा खानदेश लोटला. ज्यांच्या ज्यांच्या लग्नात नानांनी भांडणं मिटवली होती ते सगळे आपापली मिटलेली भांडणं घेऊन आले, आणि बसवायला नाना नाहीत म्हटल्यावर ती तिथं पुन्हा सुरू झाली. शेवटी कसंबसं पान मांडलं. मानाच्या ओळीत एक पाट नानांचा, त्यावर त्यांची टोपी आणि टेस्टर. जन्मात पहिल्यांदा नाना पंगतीत बसले होते. आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर तोतारामभाऊ आणि लीलाधरभाऊ एकदमच टेकले. अर्धे अर्धे. पाठीला पाठ.

"उठ, मी मोठा."

"नानांनी मला बावन्न दिला होता, भाऊ. माझा मोठा आहे."

वाढपी थांबले. वरण निवायला लागलं. तिथल्या प्रत्येक माणसानं सवयीनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मी होतो, पाण्याची बादली घेऊन. मी क्लासातला मास्तर, शुद्ध बोलणारा, आवाज असा की मागच्या बाकावर पोचत नाही. पण त्या घटकेला माझ्या तोंडून काय निघालं ते मी नंतरच ऐकलं.

"बठ्ठा लोके उठा!"

सगळे उठले. दोघं भाऊही उठले. मी बादली खाली ठेवली, नानांचा पाट टोपीसकट उचलला आणि एक जागा सरकवून दोन पाटांच्या मध्ये ठेवला. "आते एकेक बसा." थोरले अलीकडे बसले, धाकटे पलीकडे. वरण वाढायला सुरुवात झाली.

मग मी दारात उभा राहिलो आणि बोटानं मोजायला लागलो. पट्टीच्या शेवटच्या माणसापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा मोजलं.

एक कमी होतं.